घरगुती व्यायामासाठी हृदयगती मापकाची निवड : एक चिकित्सक विवेचन

सारांश

घरच्या घरी केल्या जाणाऱ्या व्यायामात हृदयगती मोजणाऱ्या साधनांचा वापर अलीकडील काळात मोठ्या प्रमाणावर वाढला आहे. ही साधने विकत घेताना किंमत, बाह्य स्वरूप आणि सुविधांची संख्या यांचाच विचार प्रामुख्याने होतो. मापनाची पद्धत, तिच्या मर्यादा आणि मिळालेल्या आकड्याचा अर्थ यांकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात विद्युत व प्रकाशीय या दोन मापनपद्धतींचे तत्त्व, त्यांच्या अचूकतेविषयीचे प्रसिद्ध अभ्यास, कमाल हृदयगतीच्या सूत्रांची विश्वासार्हता आणि व्यायामप्रकारानुसार साधनाची योग्यता यांचे विवेचन केले आहे. साधनाच्या निवडीपूर्वी ‘हा आकडा कोणत्या निर्णयासाठी हवा आहे’ हे ठरविणे आवश्यक असल्याचे या विवेचनातून दिसून येते.

मुख्य शब्द : हृदयगती, नाडी, छातीचा पट्टा, प्रकाशीय संवेदक, कमाल हृदयगती, घरगुती व्यायाम.

१. प्रस्तावना

नाडीवर बोट ठेवून शरीराची अवस्था जाणण्याची परंपरा भारतीयांना नवीन नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे विवेचन आढळते आणि वैद्याने मनगट हाती घेणे हे रुग्णतपासणीचे जणू प्रतीकच बनले आहे. आज मात्र तेच मनगट एखाद्या घड्याळाच्या ताब्यात गेलेले दिसते. घड्याळाच्या मागील बाजूस हिरवा प्रकाश लुकलुकतो आणि पुढील बाजूस एक आकडा उमटतो. तो आकडा पाहून व्यायाम करणारी व्यक्ती वेग वाढविते, कमी करते किंवा थांबते.

एका आकड्याच्या आधारे हृदयावर किती भार टाकायचा हे ठरत असेल, तर तो आकडा कोठून आला आणि तो कितपत खरा आहे हे जाणून घेणे गरजेचे ठरते. व्यायामशाळेत प्रशिक्षकाची नजर असते. रुग्णालयातील ताणचाचणीत डॉक्टर व हृदयविद्युत आलेख, म्हणजे ईसीजी, सोबत असतो. घरी मात्र व्यक्ती आणि यंत्र एवढेच उरतात. यंत्राने प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखविल्यास व्यक्ती नकळत अतिश्रम करते. जास्त दाखविल्यास ती विनाकारण घाबरते किंवा पुरेसा व्यायाम होण्यापूर्वीच थांबते. साधनाच्या निवडीचा प्रश्न म्हणूनच केवळ ग्राहकोपयोगी वस्तूच्या खरेदीचा राहत नाही, तर तो आरोग्यशिक्षणाचाही भाग ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रौढ व्यक्तीने दर आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक तीव्रतेचा व्यायाम करणे अपेक्षित आहे. या शिफारशीतील मिनिटे घड्याळावर मोजता येतात; पण ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ हे शब्द कसे मोजावयाचे, हा खरा प्रश्न होय. हृदयगती मापकाची उपयुक्तता येथूनच सुरू होते.

२. उद्दिष्टे

१) हृदयगती मोजण्याच्या प्रचलित पद्धतींचे तत्त्व स्पष्ट करणे.
२) या पद्धतींच्या अचूकतेचा व मर्यादांचा परामर्श घेणे.
३) हृदयगतीच्या आकड्याचा अर्थ लावताना होणाऱ्या चुका निदर्शनास आणणे.
४) घरगुती व्यायामाच्या प्रकारानुसार साधननिवडीचे निकष मांडणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

नाडीचे ठोके वेळेच्या मापात बसविण्याचा प्रयत्न बराच जुना आहे. इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयातील विद्युतबदल नोंदविणारे संवेदनशील उपकरण तयार केले. त्यांच्या प्रयोगात व्यक्तीचे हात व पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडविलेले असत. कारण कोरड्या त्वचेपेक्षा खारे पाणी विजेचे वहन सुलभतेने करते. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या छातीच्या पट्ट्याला वापरापूर्वी ओले करावे लागते, त्यामागील कारण नेमके हेच आहे.

ही पद्धत खेळाडूच्या अंगावर आणण्याचे श्रेय फिनलंडमधील औलू विद्यापीठाचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगस यांच्याकडे जाते. त्यांनी १९७७ मध्ये पोलर इलेक्ट्रो ही संस्था स्थापन केली आणि १९८२ मध्ये तिने छातीवरून मनगटाकडे बिनतारी संदेश पाठविणारा हृदयगती मापक बाजारात आणला. दुसरीकडे, त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील बदल टिपण्याची पद्धत अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७-३८ च्या सुमारास विकसित केली. रुग्णालयात बोटाला लावला जाणारा ऑक्सिमीटर आणि आजची मनगटी घड्याळे ही याच पद्धतीची अपत्ये होत.

४. मापनाच्या दोन पद्धती

४.१ विद्युत पद्धत

हृदयाचे प्रत्येक आकुंचन एका विद्युतलहरीमुळे घडून येते. छातीच्या पट्ट्यातील दोन इलेक्ट्रोड ही लहर त्वचेवरून टिपतात आणि लागोपाठच्या दोन लहरींमधील अंतरावरून दर मिनिटाचे ठोके काढतात. मूळ घटनेचीच नोंद होत असल्याने हाताच्या हालचालीचा या पद्धतीवर फारसा परिणाम होत नाही आणि गतीतील बदल जवळजवळ तात्काळ दिसतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. व्यायामाच्या आरंभी, घाम येण्यापूर्वी, पट्टा कोरडा असल्यास आकडा अवास्तव उडी घेतो किंवा दिसेनासा होतो. कृत्रिम धाग्याचा सैल सदरा पट्ट्यावर घासल्यास स्थिर विजेमुळे चुकीचे ठोके मोजले जाऊ शकतात. पट्टा सैल असल्यास तो सरकतो, घट्ट असल्यास श्वास घेताना त्रास होतो. घामातील क्षारांमुळे पट्ट्याची वाहकता कालांतराने कमी होते; म्हणून वापरानंतर तो पाण्याने धुऊन सावलीत वाळविणे इष्ट असते. पट्ट्यावरील यंत्र वापरानंतर सोडवून ठेवावे, अन्यथा ओल्या पट्ट्याच्या संपर्काने ते चालूच राहते आणि बटनाएवढा सेल लवकर संपतो. कोकणातील पावसाळी हवेत या दोन्ही सवयींचे महत्त्व विशेष आहे.

ट्रेडमिल व स्थिर सायकलीच्या दांड्यावरील धातूच्या पट्ट्यादेखील विद्युत पद्धतीनेच काम करतात. मात्र त्यासाठी दोन्ही हात दांड्यावर स्थिर ठेवावे लागतात. धावताना दांडा धरल्यास शरीराची ठेवण बिघडते आणि स्नायूंच्या हालचालीमुळे नोंदही विस्कळीत होते. अशा दांड्यांचा उपयोग अधूनमधून पडताळणी करण्यापुरताच मानावा.

४.२ प्रकाशीय पद्धत

मनगटी घड्याळातील दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्यांतील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते व कमी होते; त्यानुसार परत येणाऱ्या प्रकाशात चढउतार होतो. संवेदक हा चढउतार मोजतो आणि त्यावरून गणनेच्या साहाय्याने हृदयगती अनुमानित केली जाते.

‘अनुमानित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. परत येणाऱ्या प्रकाशात केवळ रक्ताचाच बदल नसतो. हात हलल्यामुळे, घड्याळ सरकल्यामुळे आणि बाहेरचा उजेड आत शिरल्यामुळे होणारे बदलही त्यात मिसळलेले असतात. हे अनावश्यक बदल वेगळे काढण्यासाठी घड्याळातील गतिसंवेदकाची मदत घेतली जाते आणि काही सेकंदांची सरासरी काढली जाते. परिणामी आकडा प्रत्यक्ष स्थितीच्या मागे राहतो. याशिवाय जागेवर धावताना पावलांचा ताल हृदयाच्या तालाजवळ आल्यास यंत्र पावलेच ठोके म्हणून मोजू लागते. हृदय मिनिटाला १२५ वेळा धडकत असताना घड्याळ पावलांचा १६० हा आकडा दाखवीत राहिल्यास वापरणाऱ्याला संशय येण्याचे काहीच कारण नसते; कारण व्यायाम करताना १६० हा आकडा संभवनीय वाटतो.

संवेदकास जिवंत त्वचा आणि निर्जीव पृष्ठभाग यांतील फरक दर वेळी कळतोच असे नाही. गुंडाळलेल्या कागदावर किंवा केळ्यावर बांधलेल्या काही मनगटी पट्ट्यांनीही हृदयगती ‘दाखविल्याची’ उदाहरणे आहेत. यावरून पडद्यावर आकडा दिसणे आणि मापन झालेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात येते.

त्वचेवरील गोंदणाचाही येथे विचार केला पाहिजे. गडद शाई प्रकाश शोषून घेते आणि संवेदकाला मिळणारा संकेत क्षीण होतो. महाराष्ट्रातील अनेक ज्येष्ठ स्त्रियांच्या हातावर पारंपरिक गोंदण असते, तर तरुणांत मनगटावर टॅटू काढून घेण्याची प्रथा वाढली आहे. अशा वेळी घड्याळ गोंदण नसलेल्या हातावर बांधणे श्रेयस्कर. बांगड्या घड्याळावर आदळून ते हलवितात. म्हणून व्यायामाच्या वेळी त्या काढून ठेवाव्यात किंवा घड्याळ बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे कोपराच्या दिशेने, घट्ट परंतु न रुतेल असे बांधावे.

प्रकाशीय संवेदक दंडावर बांधण्याचे पट्टेही उपलब्ध आहेत. मनगटापेक्षा दंड मांसल असतो, त्याची वळणे कमी असतात आणि पट्टा स्थिर राहतो. ज्यांना छातीचा पट्टा गैरसोयीचा वाटतो त्यांच्यासाठी हा मध्यम मार्ग ठरतो.

५. अचूकतेविषयीचे अभ्यास

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधकांनी ५० निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रेडमिलवरील व्यायामात छातीचा पट्टा व चार मनगटी साधने यांची तुलना ईसीजीशी करण्यात आली. ईसीजीशी असलेली छातीच्या पट्ट्याची सुसंगती ०.९९, तर मनगटी साधनांची ०.८३ ते ०.९१ या दरम्यान आढळली. येथे १ हा आकडा पूर्ण सुसंगती दर्शवितो.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६० व्यक्तींवर सात मनगटी साधने तपासली. त्यांपैकी सहा साधनांची हृदयगतीच्या मापनातील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. मात्र खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक साधनही सरासरी २७ टक्क्यांनी, तर सर्वांत कमी अचूक साधन ९३ टक्क्यांनी चुकले. कॅलरींच्या आकड्यावर विसंबून आहार ठरविणाऱ्यांनी या निष्कर्षाची नोंद घ्यावयास हवी. त्या आकड्यासाठी अधिक किंमत मोजण्याचे कारण नाही.

ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ व्यक्तींचा समावेश होता. त्वचेच्या वर्णानुसार अचूकतेत लक्षणीय फरक त्या अभ्यासात आढळला नाही. परंतु विश्रांतीच्या तुलनेत हालचालीच्या वेळी मापनातील चूक सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होती.

वरील अभ्यासांतील साधनांची जागा आज नव्या साधनांनी घेतली आहे आणि प्रकाशीय तंत्रातही सुधारणा झाल्या आहेत. तथापि या अभ्यासांतून निघणारे तत्त्व कायम आहे : विश्रांतीत व संथ, एकसारख्या व्यायामात मनगटी साधन पुरेसे विश्वसनीय असते, हालचाल जितकी वेगवान, अनियमित आणि हातांचा वापर करणारी, तितकी त्याची विश्वसनीयता घटते. खेदाची बाब अशी की, अचूक आकड्याची गरजही नेमकी त्याच वेळी सर्वाधिक असते.

६. आकड्याचा अर्थ आणि सूत्रांची मर्यादा

अचूक आकडा मिळाला तरी तो कशाशी ताडून पाहावयाचा हा प्रश्न उरतोच. बहुतेक साधने वापरणाऱ्याचे वय विचारतात आणि ‘२२० वजा वय’ या सूत्राने कमाल हृदयगती ठरवितात. तिच्या ६४ ते ७६ टक्के या पट्ट्यास सामान्यतः मध्यम आणि ७७ ते ९३ टक्के या पट्ट्यास तीव्र व्यायाम मानले जाते.

हे सूत्र सॅम्युअल फॉक्स व विल्यम हॅस्केल या अमेरिकन संशोधकांच्या १९७० च्या सुमाराच्या लेखनातून रूढ झाले. उपलब्ध माहितीवरून काढलेला तो एक ढोबळ अंदाज होता. प्रत्येक व्यक्तीस लागू पडणारा नियम म्हणून तो सिद्ध केलेला नव्हता. पुढे २००१ मध्ये हिरोफुमी तनाका व सहकाऱ्यांनी ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र मांडले, तर २०१० मध्ये मार्था गुलाटी व सहकाऱ्यांनी स्त्रियांसाठी ‘२०६ वजा वयाच्या ०.८८ पट’ हे सूत्र सुचविले. साठ वर्षांच्या स्त्रीची कमाल हृदयगती या तीन सूत्रांनी अनुक्रमे १६०, १६६ आणि १५३ अशी येते. म्हणजे केवळ सूत्र बदलल्याने १३ ठोक्यांचा फरक पडतो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे एकाच वयाच्या व्यक्तींमधील नैसर्गिक तफावत. वयावरून काढलेल्या अंदाजाचे प्रमाण विचलन साधारणपणे १० ते १२ ठोक्यांचे असते. पंचेचाळीस वर्षांच्या व्यक्तीसाठी सूत्राने १७५ हा आकडा येत असला, तरी त्या वयाच्या सुमारे एकतृतीयांश निरोगी व्यक्तींची प्रत्यक्ष कमाल हृदयगती १६३ ते १८७ या मर्यादेच्याही बाहेर असू शकते. येथे एक विसंगती स्पष्ट होते. दोन ठोक्यांच्या अचूकतेसाठी महागडे साधन घ्यावयाचे आणि त्याचा आकडा मात्र बारा ठोक्यांनी डळमळणाऱ्या पट्टीवर मोजावयाचा, हे तराजू सोनाराचा आणि वजने भाजीबाजारातील असण्यासारखे आहे.

फिनलंडचे मार्टी कार्वोनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत यावर काही प्रमाणात उपाय ठरते. या पद्धतीत कमाल हृदयगतीतून विश्रांतीची हृदयगती वजा करून ‘राखीव’ हृदयगती काढतात आणि तिचा ४० ते ५९ टक्के भाग विश्रांतीच्या गतीत मिळवून मध्यम व्यायामाची मर्यादा ठरवितात. कमाल गती १७५ आणि विश्रांतीची गती ७० असल्यास राखीव गती १०५ येते आणि मध्यम व्यायामाचा पट्टा ११२ ते १३२ असा मिळतो. विश्रांतीची गती ६० असल्यास तोच पट्टा १०६ ते १२८ होतो. कमाल गतीचा अंदाज येथेही सूत्रावरच अवलंबून असतो. परंतु व्यक्तीच्या स्वतःच्या मापनाचा त्यात अंतर्भाव होतो. विश्रांतीची गती स्वतः भरण्याची सोय साधनात आहे किंवा नाही, हे यासाठी पाहून घ्यावे.

आकड्याला शरीराच्या साक्षीची जोड देणेही तितकेच आवश्यक आहे. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेची ६ ते २० अशी श्रेणी तयार केली. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची : व्यायाम करताना संपूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी अवस्था मध्यम तीव्रतेची, काही शब्दांनंतर श्वास घ्यावा लागणे ही अधिक तीव्रतेची. यंत्र आणि श्वास यांच्या साक्षी परस्परविरोधी असतील, तर आधी श्वासावर विश्वास ठेवून वेग कमी करावा आणि मग यंत्र तपासावे.

७. व्यायामप्रकारानुसार साधनाची योग्यता

चालणे, स्थिर सायकल, ट्रेडमिलवरील संथ चाल : हालचाल एकसारखी असल्याने नीट बांधलेले मनगटी घड्याळ पुरेसे ठरते. सायकलीचा दांडा घट्ट आवळल्यास मनगट वाकते आणि मापन बिघडते, एवढी काळजी घ्यावी.

सूर्यनमस्कार : औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला आणि महाराष्ट्रात हा व्यायाम घरोघरी पोहोचला. वेगाने घातलेले नमस्कार हा हृदयगती वाढविणारा उत्तम व्यायाम होय. परंतु त्यात तळहात जमिनीवर टेकवून मनगट पुन्हा पुन्हा काटकोनात वाकवावे लागते आणि शरीराचा भार त्यावर येतो. संवेदक त्वचेपासून उचलला जातो आणि स्थानिक रक्तप्रवाहही बदलतो. अशा व्यायामासाठी मनगटी साधन सर्वांत कमी योग्य आहे. दंडाचा किंवा छातीचा पट्टा वापरावा.

दोरीच्या उड्या, जागेवर धावणे, एरोबिक्स : मनगटाची फिरकी, धक्के आणि तालबद्ध पावले यांमुळे पावलांनाच ठोके समजण्याची शक्यता येथे अधिक असते. छातीचा पट्टा इष्ट.

आलटून पालटून तीव्र व संथ व्यायाम : वीस-तीस सेकंदांच्या तीव्र श्रमात प्रकाशीय साधनाचा आकडा वाढेपर्यंत ती फेरी संपलेली असते. येथे छातीच्या पट्ट्यास पर्याय नाही. तथापि इतक्या अल्पकाळात हृदयगती स्वतःच श्रमाच्या मागे राहते, हेही ध्यानात ठेवावे.

बोटाचा ऑक्सिमीटर : कोविडच्या साथीत, २०२०-२१ मध्ये, अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. बोट हलत असताना ते विश्वसनीय नसतात. मात्र विश्रांतीची गती मोजण्यासाठी आणि अन्य साधनाची पडताळणी करण्यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो.

८. ज्यांच्यासाठी सूत्रे लागू नाहीत

साधनाविषयीच्या जाहिरातींत ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो असा एक मोठा वर्ग आहे. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारखी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. हे त्या औषधाचे अपेक्षित कार्यच आहे. अशा व्यक्तीने घड्याळाने सुचविलेला आकडा गाठण्याचा हट्ट धरल्यास तिच्यावर धोकादायक अतिश्रमाची वेळ येऊ शकते. ‘लक्ष्य गाठले नाही’ हा पडद्यावरील संदेश तिच्यासाठी केवळ निरर्थकच नव्हे, तर घातक ठरतो.

ज्यांच्या हृदयाची लय अनियमित आहे त्यांच्यात प्रत्येक ठोक्याची लहर मनगटापर्यंत पुरेशा जोराने पोहोचत नाही. म्हणून प्रकाशीय साधन कमी आकडा दाखवू शकते. पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसविलेल्यांनी छातीचा पट्टा वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दीर्घकालीन मधुमेहात स्वायत्त चेतातंतूंवर परिणाम झाल्यास विश्रांतीची गती वाढलेली आणि श्रमाला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असू शकतो. या सर्वांसाठी व्यायामाची मर्यादा ताणचाचणीच्या आधारे डॉक्टरांनी ठरवून द्यावी आणि ती मर्यादा साधनात स्वतः भरता यावी, हा खरेदीचा पहिला निकष असावा.

निरोगी व्यक्तीनेही हवामानाचा विचार करावा. उन्हाळ्यात, बंद खोलीत, पाणी कमी प्यालेले असताना एकाच वेगाने व्यायाम केला तरी हृदयगती हळूहळू वाढत जाते. विदर्भातील मे महिन्यात आणि थंडीतील सकाळी घेतलेल्या नोंदींची तुलना करून ‘क्षमता घटली’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. छातीत दुखणे, चक्कर, असाधारण धाप ही लक्षणे दिसताच आकडा कितीही समाधानकारक असला तरी व्यायाम थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ही साधने निदानाची उपकरणे नव्हेत.

९. खरेदीचे निकष व घरगुती पडताळणी

साधन विकत घेताना पुढील प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. पट्टे व मर्यादा स्वतः ठरविता येतात काय? मर्यादा ओलांडताच ध्वनी किंवा कंपनाने सूचना मिळते काय? व्यायाम करताना आकडा चष्म्याविना वाचता येतो काय? पट्टा किंवा सेल स्वतंत्रपणे बदलता येतो काय? साधन ब्लूटूथच्या सर्वमान्य पद्धतीने माहिती पाठविते की केवळ उत्पादकाच्याच ॲपशी बोलते? शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व एका उदाहरणावरून लक्षात येईल. क्लीव्हलँडच्या अभ्यासातील बेसिस पीक हे घड्याळ तापत असल्यामुळे इंटेल कंपनीने २०१६ मध्ये परत मागविले आणि त्याची संगणकीय सेवाही बंद केली. सेवेवर अवलंबून असलेले साधन सेवेबरोबरच संपते. तसेच हृदयगतीची नोंद ही व्यक्तीच्या आरोग्याची माहिती असल्याने ती कोठे साठविली जाते आणि पुसून टाकता येते किंवा नाही, हेही पाहणे आवश्यक आहे.

साधन घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, त्याची पडताळणी करावी. पाच मिनिटे शांत बसून अंगठ्याच्या बाजूस मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंद नाडी मोजावी आणि तिची दुप्पट साधनाच्या आकड्याशी ताडून पाहावी. त्यानंतर दहा मिनिटे नेहमीचा व्यायाम करून थांबताच १५ सेकंद नाडी मोजून चौपट करावी. थांबल्यावर गती झपाट्याने उतरते, म्हणून ही मोजणी विलंब न लावता करावी आणि थांबण्याच्या क्षणीचा व मोजणी संपतानाचा असे साधनावरील दोन्ही आकडे टिपून ठेवावेत. नाडीचा आकडा या दोहोंच्या आसपास यावा. हाच प्रयोग तीन-चार वेगळ्या दिवशी करावा. विश्रांतीत चार-पाच आणि व्यायामानंतर दहाहून अधिक ठोक्यांचा फरक सातत्याने येत असेल, तर प्रथम बांधण्याची पद्धत बदलून पाहावी; तरीही फरक राहिल्यास साधन परत करावे.

१०. निष्कर्ष

१) छातीचा पट्टा हृदयाची विद्युतलहर टिपतो, तर मनगटी साधन रक्तप्रवाहावरून अनुमान करते. वेगवान व हातांच्या हालचालीच्या व्यायामात पहिली पद्धत अधिक विश्वसनीय आहे.

२) संथ व एकसारख्या व्यायामासाठी साधे मनगटी साधन पुरेसे असून केवळ चालण्याचा व्यायाम करणाऱ्या निरोगी व्यक्तीस नाडी, भिंतीवरचे घड्याळ आणि बोलण्याची कसोटी यांवरही भागविता येते.

३) वयावर आधारित सूत्रांतील अनिश्चितता चांगल्या साधनाच्या चुकीपेक्षा मोठी आहे. त्यामुळे सूत्राशी तुलना करण्यापेक्षा त्याच व्यायामातील स्वतःच्या पूर्वीच्या नोंदींशी तुलना करणे अधिक अर्थपूर्ण होय.

४) औषधोपचार घेणाऱ्यांनी यंत्राचे नव्हे, तर डॉक्टरांचे लक्ष्य प्रमाण मानावे.

सारांश, ‘कोणते साधन चांगले’ या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही. कोणता व्यायाम, कोणते शरीर आणि कोणता निर्णय, हे तीन प्रश्न आधी सुटले की साधनाची निवड सोपी होते. दुकानात जाण्यापूर्वी एक आठवडाभर सकाळी उठल्यावर स्वतःची नाडी मोजून ती वहीत नोंदविणे हा या निवडीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त आरंभ ठरेल. ज्याला आपल्या नाडीचा परिचय आहे, त्याला यंत्राची चूक ओळखता येते.